माणसं सोडून वजन

कापसाचा सिझन सुरू झाला हे आमच्या दिग्रसमध्ये आधी नाकाला कळतं. कापसातून बी वेगळं काढणारी जिनिंगची यंत्रं फिरायला लागली की सरकीचा तेलकट, थोडा भाजल्यासारखा वास गल्लीपर्यंत येतो. मग डोळ्यांना कळतं. विजेच्या तारांवर, बोरीच्या झुडपांवर, चहाच्या सायीवर रुईचे तंतू दिसायला लागतात. मी एका जिनिंगच्या वजनकाट्यावर लिहिण्याचं काम करते. संध्याकाळी घरी येऊन आरशात पाहिलं की माझ्या भुवया पांढऱ्या असतात. सुरुवातीची काही वर्षं मी त्या लगेच झटकत असे. आता तोंड धुवायची वेळ येईल तेव्हा निघतील, असं म्हणून तशीच स्वयंपाकघरात जाते.

स्वयंपाक झालेला असतो. माझे मिस्टर निवृत्त आहेत, घरीच असतात. भाजी, भाकर, वर ताट झाकलेलं. ते बाहेर ओट्यावर बाजेवर बसलेले असतात. "आली का?" म्हणतात. मी "हो" म्हणते. त्यापुढे दोघांपैकी कोणाला काही सुचलं तर बोलणं होतं.

परवा रांगेत ट्रॅक्टरांच्या मधोमध एक पांढरी बंद व्हॅन दिसली. कोण्या शेतकऱ्यानं भाड्याची गाडी करून थोडासा कापूस आणला होता. एवढ्या कापसासाठी कोणी तसली गाडी आणत नाही, म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. मीही बघत होते, पण माझं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी याच काट्यावर अशीच एक गाडी उभी राहिली होती. तिच्यात कापूस नव्हता. दोन अरुंद पलंग, एक शेगडी, हात धुवायचं बेसिन आणि पाण्याची टाकी होती. चाकांवरचं छोटं घरच ते. ती गाडी आम्हाला विकत घ्यायची होती.

माझे मिस्टर सरकारी बसवर ड्रायव्हर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी मुक्कामी गाडी चालवली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी आगारातून निघून शेवटच्या गावाला जाणारी, रात्रभर तिथेच उभी राहणारी आणि पहाटे दुधाच्या किटल्या, कॉलेजची मुलं, कोर्टात तारीख असलेली माणसं घेऊन परत येणारी गाडी. कधी उमरखेडकडचं गाव, कधी घाटंजीच्या पलीकडचं. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. यांची जागा शेवटच्या लांब सीटवर. सामानाच्या जाळीला दोरी बांधून मच्छरदाणी लावायची, चपला उशाशी ठेवायच्या. हिवाळ्यात पत्रा इतका गार पडायचा की खिडकीला लागून झोपलेला खांदा दुसऱ्या दिवशी गिअर टाकताना ठणकायचा. हे सगळं मला त्यांच्याकडून एकदम कधीच कळलं नाही. वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं.

मी कधी तक्रार केली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. केली. पण तक्रार करायला माणूस समोर लागतो, आणि ते समोर असायचे तेव्हा बहुतेक वेळा झोपलेले असायचे. सकाळी यायचे, आंघोळ करून, खाऊन झोपायचे. मी काट्यावर जायचे. मी परत येईपर्यंत ते निघालेले असायचे. मुलगी होती तोपर्यंत घरात आवाज होता. तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि मग घरात फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला. तो आधीही असणारच. सिझन मला त्यासाठीच बरा वाटायचा. पाच-सहा महिने माणूस इतका थकतो की अंथरुणाला पाठ लागली की विषय संपतो.

ते निवृत्त झाले तो ऑक्टोबर होता. म्हणजे ते घरी आले आणि माझा सिझन सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात मी रोज एकाच माणसाचे तांदूळ घ्यायचे. कुकर चढवायचे, शिटी व्हायची, आणि ताटं वाढताना लक्षात यायचं. ते भाकर ओढून घ्यायचे. "मले भाकरच पाह्यजे होती," म्हणायचे. एकदा त्यांना भात आवडतो हे मला चांगलं ठाऊक असताना ते असं म्हणाले, तेव्हा मी पुन्हा कुकर लावला. तो होईपर्यंत दोघं पानावर नुसते बसून होतो.

घरात त्यांना झोप येत नव्हती. कूस बदलायचे, उठून बाहेर जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "घर हालत नाही ना." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की गाडी उभी असली तरी हालते. वारा आला की हालते, कंडक्टरनं कूस बदलली की हालते, कुत्रं चाकाला अंग घासून गेलं तरी कळतं. "घराचं काय, हे उभं ते उभंच."

मुलीनं पुण्याहून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कोणी नवरा-बायको छोट्या व्हॅनमध्ये घर करून देशभर फिरत होते. तिनं गंमत म्हणून पाठवला होता. यांनी तो इतक्या वेळा पाहिला की त्यातल्या बाईचं चहा करतानाचं बोलणं मलाही पाठ झालं. मग एका सकाळी, मी डबा भरत असताना, ते म्हणाले की आपण अशी गाडी घेऊ. दसऱ्याला नागपूरला किती फेऱ्या केल्या, पण लोक दीक्षाभूमीवर जायचे आणि हे पार्किंगमध्ये गाडीची राखण करायचे. सांचीला जायचं होतं, बोधगयेला जायचं होतं. जिथं संध्याकाळ होईल तिथं थांबायचं. मी म्हटलं, म्हणजे पुन्हा मुक्कामीच. ते म्हणाले, "हो, पण आता तू संग."

एवढं त्यांनी लग्नानंतर कधी स्पष्ट बोललेलं मला आठवत नाही. मी डब्याचं झाकण लावलं आणि कामावर गेले. त्या दिवशी पावत्या लिहिताना मात्र माझं मन जागेवर नव्हतं.

अडचण एवढीच होती की मला होळीआधी सुट्टी नाही. म्हणजे निघायचं ते एप्रिलात, आमच्याकडच्या उन्हात, पत्र्याच्या डब्यात बसून. म्हणून मी म्हटलं, गाडी घ्यायची तर नीट पाहून घ्यायची. छत किती तापतं, पाणी किती मावतं, आणि वजन किती पेलते. यांना वजनाचं नवल वाटलं. बसमध्ये माणसं मोजतात, किलो मोजत नाहीत. बसलेले एवढे, उभे एवढे, बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. "गाडी कधी बोलली का मले, वजन झालं म्हणून?" असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, गाडी बोलत नाही, काटा बोलतो.

काट्याचं काम तसं सोपं आहे. गाडी भरून आली की तोलायची, कापूस खाली करून आली की पुन्हा तोलायची. पहिल्यातून दुसरं वजा केलं की कापूस उरतो. चूक व्हायची जागा एकच, ती म्हणजे माणूस. भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर आत बसला आणि रिकामी तोलताना उतरला, तर तोही कापसाच्या भावानं विकला जातो. म्हणून मी खिडकीतून आधी केबिनमध्ये बघते आणि ओरडते, "उतरा खाली." मडगार्डवर बसलेली म्हातारी असो की मालक असो, सगळ्यांना उतरवते. एकदा एक जण कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, मी काय कापूस दिसून राह्यलो का तुमाले?" सगळी रांग हसली. मीही हसले, पण त्याला उतरवलंच. काट्यावर माणूस धरत नाहीत.

संक्रांतीनंतर गाडी आली. अमरावतीकडे रुग्णवाहिका आणि खाऊच्या गाड्या बांधून देणारे एक प्रमोदभाऊ होते. त्यांनी ती कोणा नागपूरच्या गिऱ्हाइकासाठी बांधली होती आणि त्या माणसाचा विचार बदलला होता. प्रमोदभाऊ स्वतः ती चालवत घेऊन आले आणि दिग्रसला पाहुण्यांकडे मुक्कामाला राहिले. बोलायला गोड माणूस. उतरताच म्हणाले, "मॅडम, आठशे किलो सामान टाका हिच्यात, बिनधास्त."

मी आरसी मागितली. गाडीचं सगळ्यासकट एकूण वजन अडीच हजार किलोच्या वर जायला नको, असं तीवर होतं. रिकामं वजन सोळाशे नव्वद. वजाबाकी केली की आठशे दहा येतात, ते बरोबर. पण ते रिकामं वजन गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं होतं. त्यानंतर तिच्यात पलंग आले, प्लायची कपाटं आली, लोखंडी सांगाडा, टाकी, बॅटऱ्या, एसी आला. मी तसं म्हटलं. प्रमोदभाऊ म्हणाले, "थोडंफार वाढतं ना मॅडम." थोडंफार हा शब्द मला आवडत नाही. काट्यावर तो कोणालाच चालत नाही.

हे मात्र आधी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. लुंगी-बनियनवर, पाठीखाली पोतं टाकून. मी वाकून बघत होते. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता. टाकी मागच्या चाकांच्याही मागे टांगलेली आहे, आणि तिला धरणाऱ्या पट्ट्या पातळ आहेत. वेल्डिंग वरून भरीव दिसतं, पण पान्यानं टोकलं तर दोन ठिकाणी आवाज फुटका येतो. वायरींचे जोड पलंगाखाली नुसते टेपनं गुंडाळलेत. बाहेर आले तेव्हा केसांत माती होती आणि चेहरा उजळलेला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना मी असं पाहिलं.

मग त्यांनी भर दुपारी छताला आतून तळहात लावून ठेवला. मग स्टुलावर चढून खिडकीच्या कडांवर बादलीभर पाणी सोडलं आणि आत जाऊन वाट पाहिली. एका पलंगाच्या पायथ्याशी थेंब आला. मग मानोरा रोडला, जिथं डांबर उखडलंय तिथं, गाडी नेली. प्रमोदभाऊंना म्हणाले, आता बोलू नका. आम्ही दोघं मागे उभे होतो, पलंगाच्या कठड्याला धरून. यांनी एकदा जोरात ब्रेक मारला आणि दोन खण उघडून माझ्या गुडघ्यावर आले. ते समोर बघतच सांगत होते, हा आवाज प्लायचा, हा सुटलेल्या स्क्रूचा, हा दाराचा. शेवटी म्हणाले की चेसीचा आवाज नाही. चेसी चांगली आहे. वरचं सगळं खोलून पुन्हा कसता येतं, दोन महिने हाताशी आहेत, मी स्वतः करीन.

मला वाटतं, त्यांना ती गाडी सदोष होती म्हणूनच जास्त आवडली. होळीपर्यंत रोज काहीतरी करायला मिळणार होतं.

परत आल्यावर गाडी आमच्या दारासमोर उभी केली. प्रमोदभाऊ चहा प्यायला ओट्यावर बसले. हे आत उजवीकडच्या पलंगावर आडवे झाले. पाय पुरतात का ते पाहिलं. पुरत होते, जेमतेम. मग मला म्हणाले, "तूबी झोपून पाह्य." भर दिवसा, दार उघडं, बाहेर परका माणूस चहा पितोय, मला कसंतरीच झालं. पण मोजमाप बघायचंच होतं. मी डावीकडच्या पलंगावर आडवी झाले. मधली जागा एका माणसाला जेमतेम चालता येईल एवढी. छताला नवीन फोमचा वास होता. गल्लीतून सायकल गेली. त्यांनी कूस बदलली आणि माझा पलंग किंचित हालला.

"पाह्यलं?" ते म्हणाले. मी म्हटलं, हो.

ती आठवण माझ्याकडे तेवढीच आहे. आजही कधी दुपारी काट्यावर गाड्या नसतात, यंत्रं थांबलेली असतात, तेव्हा मी डोळे मिटते आणि ते हालणं आठवायचा प्रयत्न करते. येत नाही. वास येतो, सायकल ऐकू येते, हालणं येत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना विचारून मी गाडी काट्यावर घेतली. सवयीनं आम्ही तिघंही खाली उतरून उभे राहिलो. आकडा आला दोन हजार दोनशे तीस. प्रमोदभाऊंचं थोडंफार पाचशे चाळीस किलोचं निघालं. ते मिशीवरून बोट फिरवत दुसरीकडे बघू लागले. तरी अडीच हजारांना दोनशे सत्तर बाकी होते. मी तिथेच बेरीज केली. टाकी भरून पाणी नव्वद, गॅसची भरलेली टाकी तीस, अंथरूण, भांडी, कपडे, शिधा धरून साठ. झाले एकशे ऐंशी. उरले नव्वद. डिझेल आत होतंच.

मी यांना म्हटलं, नव्वद किलो उरतात. ते इतके खूश झाले की काट्याच्या कठड्यावर हात आपटला. "नव्वद? मंग तर पाटा-वरवंटाई नेऊ. तुले मिक्सरची चटणी जमत नाही ना." प्रमोदभाऊही हसले. त्या दिवशी यांनी बाजारातून हिरवे वाटाणे आणले, सोलले, आणि मी येईपर्यंत उसळ करून ठेवली. शेजारी सांगून टाकलं. मुलीला फोन केला. बोधगयेला किती दिवस लागतील याचा अंदाज घेत बसले.

मी भाताला तांदूळ घेत होते. एक माप घातलं. मग आठवण ठेवून दुसरं माप भरलं, कारण आता दोघं आहोत. आणि ते दुसरं माप हातात तसंच धरून मी काट्यावरची बेरीज पुन्हा केली.

मी आम्हाला धरलंच नव्हतं.

पाणी धरलं, गॅस धरला, चादरी धरल्या. माणसं धरली नाहीत. इतकी वर्षं खिडकीतून माणसांना खाली उतरवून मी जो हिशोब केला, तोच इथे केला होता. त्यांचं वजन चौऱ्याऐंशी, माझं अठ्ठावन्न. एकशे बेचाळीस. उरलेल्या नव्वदात ते बसत नव्हते. बावन्न किलो जास्त होत होते. मी ते माप परत डब्यात ओतलं, मग पुन्हा भरून घेतलं, आणि भात लावला. जेवताना सांगायचं धाडस झालं नाही. ते जेवताना सांचीच्या रस्त्याबद्दल बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी चहाला सांगितलं. आधी ते हसले. म्हणाले, "मंग सामान गाडीत पाठवू, आपून दोघं मागून बसनं येऊ." मी हसले नाही. त्यांनी बशी खाली ठेवली. बशीतला चहा तसाच राहिला. मग म्हणाले, कागदावरचं सोड, खरोखर भरून तोलू. आपल्याला बसवून तोलू.

म्हणून आम्ही गाडी भरली. पाण्याची टाकी वरपर्यंत भरली. घरची गॅसची टाकी ठेवली. दोन गाद्या, चादरी, कुकर, तवा, तांदूळ, पीठ, दोन पिशव्या कपडे. खोटं वजन नको म्हणून मी खरेच कपडे भरले, एप्रिलात घालीन असे सुती. गल्लीतल्या बायका दारात आल्या. निघाले का, निघाले का, असं एकमेकींना विचारत होत्या. समोरच्या वहिनींनी धावत आत जाऊन दही-साखर आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली. प्रवासाला निघणाऱ्याला देतात तशी. आम्ही किलोमीटरभरावरच्या काट्यावर चाललो होतो, हे मला त्यांना सांगता आलं नाही. मी दही खाल्लं. हे समोर बघत होते. त्यांनीही हात पुढे केला आणि वहिनींनी त्यांच्याही हातावर दिलं.

काट्यावर दुपारची रांग होती. माझ्या जागी हमालांचे मुकादम गजाननभाऊ बसले होते. मी जेवायला गेले की तेच बसतात. आमची गाडी फळीवर चढली आणि त्यांनी न बघताच ओरडून सांगितलं, "उतरा खाली."

मी खिडकीतून मान काढून म्हटलं, "नाही भाऊ. आम्हाले धरून."

"माणसं धरून?"

"माणसं धरूनच."

त्यांनी नीट वळून पाहिलं आणि मग मशीनकडे पाहिलं. मी इतकी वर्षं काट्याच्या खिडकीत बसले, पण काट्यावर कधी बसले नव्हते. खालची फळी जराशी दबते आणि थांबते, हे मला पहिल्यांदा कळलं. यांनी गाडी बंद केली. वारा लागला तरी आकडा हलतो, म्हणून आम्ही दोघंही हलत नव्हतो. शेजारी-शेजारी, समोर बघत बसलो होतो. काचेवर रुईचे तंतू येऊन चिकटत होते. मला वाटलं की आम्ही असे, काही काम नसताना, कुठे निघायची घाई नसताना, शेजारी कधी बसलो होतो. लग्नात बसलो असू.

"पंचवीसशे पन्नास," गजाननभाऊंनी सांगितलं.

आमचा काटा दहाच्या पटीत दाखवतो. माझा हिशोब बरोबर होता. पन्नास किलो जास्त.

मी यांना तिथेच सांगितलं, टाकी निम्म्याहून कमी भरली तर आपण दोघं जेमतेम बसतो. लपवायचं कारण नव्हतं. ते म्हणाले, "अन् एप्रिलात तेवढ्या पाण्यावर तुले नेऊ?" रोज काठावर तोलून चालणारी गाडी, टाकीच्या पातळ पट्ट्या, उन्हात कुठल्या तरी माळावर संपलेलं पाणी. त्यांना ते सगळं माझ्याआधी दिसलं होतं.

प्रमोदभाऊ खिडकीशी आले. माणूस वाईट नव्हता, मार्ग काढत होता. "ड्रायव्हरसाहेब, असं करू. दुसरा पलंग अन् वरची कपाटं काढून टाकतो. ऐंशी किलो सहज कमी होते. मॅडमचा तर सिझनच असते. एका माणसाले ही गाडी फस्क्लास हाय."

यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"एकट्यानं झोपाची गाडी मले सरकारनं तीस वर्सं फुकट देल्ली होती, भाऊ," ते म्हणाले. "ते आता विकत कायले घेऊ?"

प्रमोदभाऊ मागे सरकले. मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. त्याच्या मागच्यानंही दिला. गजाननभाऊ हात हलवून गाडी पुढे घ्या म्हणत होते. तीस वर्षांत ज्या माणसानं गाडी फलाटावरून मिनिटभर उशिरा काढली नाही, तो माणूस सबंध रांग अडवून बसला होता. मी दाराची कडी धरली. मी उतरले असते तर आकडा अडीच हजारांच्या आत आला असता. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "बस."

मी बसले.

मग त्यांनी चावी फिरवली. गाडी फळीवरून हळू खाली उतरली, सरकीच्या ढिगाला वळसा घालून, कापसाच्या गंजीच्या कडेनं फाटकाकडे निघाली. टाकीतलं पाणी मागे एकदा डचमळलं आणि शांत झालं. पन्नास किलो जास्त होतं. ना प्लाय वाजला, ना स्क्रू, ना दार. सामान उतरवून ती प्रमोदभाऊंना परत द्यायची होती. फाटकाशी गाडी थांबली आणि मी माझ्या खिडकीकडे जायला उतरले, कारण काट्यावर रांग होती.